अळंबीची गमी आणि बाटलीवरची बारीक अक्षरे

एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

आमच्या घरात इंग्रजी वाचता येणारी मी पहिलीच. त्यामुळे खताच्या पोत्यावरची छपाई, बँकेचा कागद, औषधाचे पाकीट, जे जे इंग्रजीत असेल ते ते फिरत फिरत माझ्यापुढे येते. गेल्या दिवाळीला दादा पुण्याहून आला तेव्हा त्याने अण्णांसाठी एक बाटली आणली होती. आत लालसर, रबरासारख्या मऊ, चघळायच्या साठ गोळ्या. अशा गोळीला ‘गमी’ म्हणतात हे मला तेव्हा कळले. किंमत बाराशे रुपये. अण्णांना सहा वर्षांपासून मधुमेह आहे. दादाच्या कारखान्यातल्या कोणीतरी त्याला सांगितले होते, की ह्या अळंबीच्या गोळ्या आहेत, साखर ताब्यात आणतात. अण्णांनी बाटली माझ्या हातात दिली व म्हणाले, “वाच बघू, काय लिवलंय.”

मी वाचले. मोठ्या अक्षरांत होते ते सगळे वाचले आणि मराठीत करून सांगितले : हजारो वर्षांची चिनी वनस्पती, प्रतिकारशक्ती, रक्तातील साखरेचे संतुलन. वाचून दाखवताना माझा आवाज जरा चढलाच असेल. मागच्या बाजूला बारीक अक्षरे होती, तिकडे मी पाहिले नाही.

बारा दिवसांनी आईच्या बोलण्यात सहज आले, की अण्णांनी दवाखान्याची गोळी बंद केली आहे. का, तर “पोरीनं वाचून दावलंय की!” दुसऱ्याच दिवशी तालुक्याला नेऊन रक्त तपासले तेव्हा उपाशीपोटी साखर २१० भरली. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा चालू केल्या आणि अण्णांना नव्हे, मला रागावले. त्या रात्री शब्दकोश जवळ घेऊन मी बाटलीची मागची बाजू पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली. पुढे जे लिहिले आहे ते त्या रात्री सुरू झालेल्या शोधाचे फळ आहे. मी विज्ञान शाखेची नाही. आपल्या महाविद्यालयात प्रयोगशाळाही नाही. तेव्हा जे केले ते चुलीवर, गावातल्या सोनाराचा काटा उसना आणून आणि ग्रंथालयातील संगणकावर जे वाचता आले त्याच्या आधाराने. चूक आढळल्यास जाणकारांनी अवश्य सांगावी.

पहिली चूक तर माझीच निघाली. अळंबी ही वनस्पती नव्हे. १९६९ साली व्हिटेकर या शास्त्रज्ञाने सजीवांची पाच सृष्टींत विभागणी मांडली, तीत कवकांना स्वतंत्र घर मिळाले. पुढच्या संशोधनात तर असे दिसून आले, की कवके झाडांपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची आहेत. झाडाच्या पेशीची भिंत सेल्युलोजची असते. अळंबीच्या भिंतीत कायटिन असते, आणि खेकड्याचे कवच व किड्याचे पंखही कायटिनचेच. आमची आज्जी अळंबीला शिवत नाही. “मातीतलं मटणच त्ये,” असे ती म्हणते व आम्ही तिला हसत असू. आता हसत नाही.

बाटलीवरची अळंबी म्हणजे रेशी. तिचे चिनी नाव लिंगझी. लाकडासारखी टणक, वरून लाखेचा हात फिरवल्यासारखी चकचकीत आणि चवीला अतिशय कडू. तिची भाजी होऊ शकत नाही, काढाच करावा लागतो. चीन व जपानमध्ये तिला फार जुना मान आहे यात शंका नाही. आपल्याकडेही असा प्रकार नाही असे नाही. कोकणात फणसाच्या जुन्या झाडावर येणारा फणसोंबा सहाणेवर उगाळून तोंड आले की लावतात. म्हणजे अळंबीचे औषध ही कल्पना आपल्याला परकी नाही. परकी आहे ती गोळी आणि ‘फंक्शनल’ हा शब्द. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘कार्यात्मक’ असा दिला आहे, त्याने माझ्या ज्ञानात भर पडली नाही. शोध घेता असे कळले, की पोट भरण्यापलीकडे शरीराला काही विशेष उपयोग होईल अशा अन्नाला हा शब्द लावतात. ही कल्पना जपानात १९८० च्या दशकात निघाली आणि १९९१ साली तेथील सरकारने अशा पदार्थांसाठी परवान्याची वेगळी पद्धत सुरू केली. तेथे पुरावा दाखवल्याशिवाय परवाना मिळत नाही. आपल्याकडे आलेल्या बाटल्यांवर शब्द तेवढा आला.

मग पुरावा काय आहे? रेशी आणि मधुमेह याविषयी २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने एक आढावा प्रसिद्ध केला. जगभरातल्या औषधांच्या चाचण्या एकत्र करून तपासणे हेच या संस्थेचे काम. पाच चाचण्या, मिळून ३९८ माणसे, त्यांतील बहुतेक मधुमेही. निष्कर्ष असा, की रेशीने रक्तातील साखर, रक्तदाब वा कोलेस्टेरॉल यांत दखल घेण्याजोगा फरक पडल्याचे दिसत नाही व या कामासाठी तिचा वापर करण्यास आधार नाही. हे वाक्य मी तीनदा वाचले. इंग्रजी समजले नाही म्हणून नव्हे.

पण सगळ्याच अळंब्या निकामी ठरवणेही बरोबर नाही. जपानी शास्त्रज्ञांनी शिताके अळंबीतून लेंटिनान नावाचा पदार्थ वेगळा काढला आणि पोटाच्या कर्करोगात इतर औषधांच्या जोडीला तो तेथे वापरला गेला. मात्र तो शिरेतून, इंजेक्शनने, रुग्णालयात. ‘लायन्स मेन’ ही पांढऱ्या आयाळीसारखी अळंबी. तिच्यावर २००९ साली जपानात एक चाचणी झाली. स्मरणशक्ती थोडी कमी झालेले ५० ते ८० वयाचे ३० लोक, १६ आठवडे. अळंबी घेणाऱ्यांचे गुण वाढले आणि बंद केल्यावर पुन्हा उतरले. चाचणी लहान आहे, पण प्रामाणिक वाटते. ती येथे सांगण्याचे कारण तिच्यातले प्रमाण. त्या लोकांना दिवसाला सुमारे ३ ग्रॅम भुकटी देत होते. हा तीनाचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

बारीक अक्षरांत आणखी दोन गोष्टी होत्या. एक, ‘औषधी उपयोगासाठी नाही’ हे वाक्य. असे वाक्य छापणे अशा पूरक पदार्थांना आपल्या कायद्याने बंधनकारक आहे. शिवाय १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय यांविषयीच्या कायद्याच्या यादीत मधुमेहाचे नाव आहे. म्हणजे अमक्याने मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करणे हा गुन्हा आहे. म्हणूनच बाटलीवर ‘बरा होतो’ असे कोठेही नव्हते, ‘संतुलन’ होते. बरे होण्याची गोष्ट तोंडी सांगितली जाते, आणि तोंडाला बारीक अक्षरे नसतात.

दुसरी गोष्ट जिलेटिन. गोळीला रबरासारखा मऊपणा त्यानेच येतो. १९२२ साली जर्मनीतील बॉन येथे हान्स रीगल याने अस्वलाच्या आकाराच्या ज्या गोळ्या काढल्या, तेव्हापासून या मिठाईचा जगभर प्रसार झाला. जिलेटिन मिळते जनावरांची हाडे व कातडी उकळून. आमचे अण्णा माळकरी आहेत. तुळशीची माळ घालून त्यांना वीस वर्षे झाली. बारा दिवस, रोज दोन, म्हणजे चोवीस गोळ्या. सांगावे की न सांगावे यात माझे दोन दिवस गेले. आई म्हणाली, “नको सांगूस, झालं ते झालं.” पण मोठी अक्षरे वाचून दाखवणारी मी, तेव्हा बारीकही मीच वाचायला हवीत असे वाटून शेवटी सांगितले. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकादशी नसताना त्यांनी त्या दिवशी उपास केला.

आता घरी गमी करण्याविषयी. याचे निमित्त आईचा बचत गट. गटातल्या बायका सोयाबीनच्या काडावर धिंगरी अळंबी घेतात. काड भिजवून, गरम पाण्यातून काढून, पिशवीत थरावर थर देऊन मध्ये बियाणे पेरायचे, तीन-चार आठवड्यांत पिशवीच्या भोकांतून पांढरे झुबके बाहेर येतात. पीक सोपे, विक्री अवघड. ताजी धिंगरी दोन दिवसांत पिवळी पडते. दादा म्हणाला, “एवढी अळंबी फुकट चाललीय. लोक बाराशेला बाटली विकतात, आपणच करू की!” मलाही बाटलीत नेमके काय असते ते हाताने करून पाहायचे होते. दोघांचे हेतू निराळे, चूल एकच.

जिलेटिनऐवजी आम्ही चायना ग्रास घेतले. फालुद्यात व आइस्क्रीममध्ये घालतात तेच. हे समुद्रातल्या तांबड्या शेवाळापासून होते, आपल्या देशात तामिळनाडूच्या किनाऱ्यावर हे शेवाळ गोळा करतात. याची एक हकिकत मला फार आवडली. १८८१ च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वाल्टर हेसे हा डॉक्टर जिवाणू वाढवण्यासाठी जिलेटिनच्या थाळ्या वापरत असे. उन्हाळ्यात त्या वितळत, काही जिवाणू तर जिलेटिनच खाऊन टाकीत. त्याच्या पत्नीने, फॅनी हेसेने, सुचवले की मी घरी मुरंबे व जेली करताना जे वापरते ते घालून पाहा. तिला ते जावात राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून कळले होते. तेच हे चायना ग्रास, आणि आजही जगातल्या प्रयोगशाळांत तेच वापरतात. कारण असे, की ते गोठते ४० अंशांच्या खाली, पण एकदा गोठल्यावर ८५ अंशांच्या आसपास तापल्याशिवाय वितळत नाही. जिलेटिनची गोळी आमच्याकडच्या मे महिन्यात बाटलीत एकच गोळा होऊन बसेल. चायना ग्रासची बसणार नाही. मात्र ती जिलेटिनसारखी चिवट होत नाही, दाताखाली कचकन तुटते. तोंडाला हे समजावून सांगावे लागते.

पहिला घाणा पूर्ण फसला. चायना ग्रास नीट उकळले नव्हते आणि लिंबू सुरुवातीलाच पिळले होते. आंबट पाण्यात उकळले की त्याची गोठण्याची शक्ती जाते. पेजेसारखे पातळ जे झाले ते म्हशीने खाल्ले. दुसऱ्या घाण्यात गोठले छान, पण वाळलेल्या अळंबीची भुकटी तशीच घातल्यामुळे दाताखाली रेती आल्यासारखे वाटे. अळंबी वाळवून वाटली म्हणजे झाले असे नव्हे. कायटिनच्या त्या भिंती आपल्या पोटाला सहज फुटत नाहीत. आतले बीटा ग्लुकॅन नावाचे पदार्थ, ज्यांच्याविषयी एवढे बोलले जाते, बाहेर यायला बराच वेळ उकळावे लागते. आज्जीला एवढे रसायनशास्त्र न सांगताही कळले. “काढा कर आदी,” ती म्हणाली.

तिसऱ्या वेळी साधले, ते असे. वाळलेली धिंगरी २० ग्रॅम (ताजी अळंबी वाळल्यावर दहावा हिस्सा उरते, तेव्हा ही पावशेराच्या आतबाहेर ताज्या अळंबीची), अर्धा लिटर पाण्यात मंद आचेवर तासाभराहून अधिक उकळून अर्धा कप उरेपर्यंत आटवली. उरलेला चोथा टाकला नाही, मिक्सरमधून लोण्यासारखा बारीक करून काढ्यातच घातला. त्यात बिया काढलेला पेरूचा गर २०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम व आधी भिजवून थोड्या पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळलेले चायना ग्रास १० ग्रॅम. सगळे एकत्र शिजवून, खाली उतरवून, मग लिंबू. ताटाला तुपाचा हात लावून थापले, रात्रभर वाळू दिले आणि वडीसारखे तुकडे पाडले. ८० तुकडे झाले. चव पेरूच्या वडीची, मागून थोडी मातीची. शेजारच्या पोरांनी दहा मिनिटांत पंधरा संपवले.

आता सोनाराच्या काट्याचे काम. वीस ग्रॅम अळंबी ८० तुकड्यांत वाटली गेली, म्हणजे एका तुकड्यात पाव ग्रॅम. जपानी चाचणीतले ते ३ ग्रॅम गाठायचे तर दिवसाला बारा तुकडे खावे लागतील. (ती अळंबी निराळी होती हे मला माहीत आहे, मी केवळ मापाचा अंदाज घेते आहे.) एका तुकड्यात सव्वा ग्रॅम साखर, बारा तुकड्यांत पंधरा ग्रॅम, म्हणजे तीन-चार चमचे, पेरूची स्वतःची वेगळीच. हे मधुमेही माणसाला द्यायचे! मग साखर निम्मी करून पाहिली. तुकडे मऊ पडले आणि पाचव्या दिवशी त्यांवर पांढरे केस उगवले. बुरशीच्या गोळीवर बुरशी. साखर ही नुसती गोडीसाठी नसते, ती पाणी धरून ठेवते म्हणून पदार्थ टिकतो. अळंबी वाढवावी तर गोळी वाळूसारखी व कडसर होते. मोठ्या कारखान्याला यातून वाट काढता येते, पण अडचण तीच असते : तीन-चार ग्रॅमच्या मिठाईत औषधाला जागा फार थोडी.

हे कळल्यावर मी बाटली पुन्हा वाचली. दोन गोळ्यांत अळंबी ५०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅम, आणि साखर ४ ग्रॅम. पुढे ‘अर्क १० : १’ असे होते. दहा भाग अळंबीचा एक भाग अर्क केला, एवढाच त्याचा अर्थ. त्या अर्कात कोणता पदार्थ किती उतरला, ते त्यावरून कळत नाही. ‘पॉलिसॅकराइड इतके टक्के’ असेही होते. शब्द भारदस्त आहे, पण भातातला स्टार्चही पॉलिसॅकराइडच. काही कंपन्या अळंबीची छत्री न वापरता धान्यावर वाढवलेले बुरशीचे तंतू धान्यासकट दळतात. तेव्हा टक्केवारीत धान्याचा स्टार्चही मोजला जातो. हे घरी तपासता येते. शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकून निळा रंग पाहिला होता, तेच. मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणले. आमच्या धिंगरीच्या भुकटीवर टाकले, ते तांबूसच राहिले. बाटलीतली गोळी कोमट पाण्यात विरघळवून तीवर टाकले, पाणी काळेनिळे झाले. यावरून मी कोणावर आरोप करत नाही. गोळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मक्याचे पीठही लावतात, रंग त्याचाही असेल. पण बाराशे रुपयांच्या बाटलीत स्टार्च आहे एवढे मी डोळ्यांनी पाहिले.

दोन इशारे येथेच देते, कारण हा लेख वाचून कोणी प्रयोग करील. पावसाळ्यात रानात उगवणारी अनोळखी अळंबी यात कधीही घालू नये. चांदीचे नाणे काळे पडते किंवा लसूण काळी होते ही विषाची परीक्षा खोटी आहे, आणि सर्वांत घातक अळंबीचे विष उकळूनही जात नाही. रानातली अळंबी खावी ती ओळखणाऱ्या माणसानेच आणलेली. दुसरे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी रेशीसारख्या अळंबीचे कोणतेही उत्पादन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका संभवतो.

एक गोष्ट मात्र अळंबी खरोखर करते आणि तिला बाटली लागत नाही. अळंबीत अर्गोस्टेरॉल असते, त्यावर ऊन पडले की त्याचे ड जीवनसत्त्व होते. गटातल्या बायका जागा पुरत नाही म्हणून अळंबी छपराखाली वाळवत. आता ती चिरून, दुपारच्या उन्हात, पडदे वर करून पसरतात. शंभर ग्रॅम ताज्या धिंगरीत ३ ग्रॅमच्या वर प्रथिने आहेत, साखर नावापुरती. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तिची भाजी होते. अण्णा ती खातात, दवाखान्याची गोळीही घेतात, आणि मला दाखवून घेतात.

गमीचे काय, तर यात्रेत विकायच्या ठरल्या. पाकिटावर काय छापायचे यावर गटाची बैठक दोन तास चालली. ‘शुगरवर गुणकारी’ असे लिहावे असे तिघींचे म्हणणे. मी लिहून नेले होते ते असे : ‘पेरू, साखर, धिंगरी अळंबी, चायना ग्रास, लिंबू. एका तुकड्यात अळंबी पाव ग्रॅम, साखर सव्वा ग्रॅम. ही मिठाई आहे. मधुमेह असणाऱ्यांनी खाऊ नये.’ शेजारच्या काकू म्हणाल्या, “आगं, आपणच खाऊ नका म्हनल्यावर घेनार कोन?” त्यांचे चुकले असे मला म्हणता येईना. गटाने घेतलेले कर्ज अजून फिटायचे आहे. आई तोवर गप्प होती. ती म्हणाली, “माझ्या घरात बारा दिवस काय झालं ते मी बघितलंय. हिनं लिवलंय तेच छापा.”

चाळीस पाकिटे केली होती, सतरा खपली. वाळलेली धिंगरी मात्र सगळी संपली, ती पुढच्या वेळी जास्त करायची आहे. उरलेल्या गमी पोरांनी खाल्ल्या. दादाची बाटली झाकणाला घट्ट आहे म्हणून आईने धुऊन तिच्यात मोहरी भरली आहे.